अध्यक्ष एक घर सरकले

भंडारा जिल्ह्यात संगणकाचं युग कुणी आणलं, असा प्रश्न उद्या इतिहासकारांना पडला तर त्यांना माझ्या साडभाऊंचं नाव घ्यावं लागेल. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान लाखांदूरला एसटी स्टँडसमोर रेडिओ आणि घड्याळं दुरुस्त करत. हे मी सुखासुखी लिहीत नाही, कारण ते युग आलं तेव्हा मी त्याच्या अगदी समोर खुर्ची टाकून बसलो होतो, आणि पगारी बसलो होतो. साडभाऊ खाली जमिनीवर, कानाला दुपट्टा गुंडाळून बसले होते. इतिहासकारांना हेही नमूद करावं लागेल की, त्या यंत्राला त्यांनी आयुष्यात कधी बोटसुद्धा लावलं नाही.

साडभाऊ आमच्यात यायच्या आधी अड्याळच्या सासुरवाडीत माझं बरं चाललं होतं. मी थोरला जावई. भंडाऱ्याच्या एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात टंकलेखक, मराठी आणि इंग्रजी दोन्ही यंत्रांवर बसणारा, शिवाय वाचनालयाचा सभासद. पंगतीत मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, शेजारचा पाट माझा. घरात कुठलाही इंग्रजी कागद आला की, तो मी येईपर्यंत देवघरातल्या कोनाड्यात थांबे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मेहुणीचं लग्न झालं आणि हे गृहस्थ आले. शिक्षण नववी, दहावीत जायला त्यांची हरकत नव्हती, शाळेची होती. खांद्याला कापडी पिशवी, तीत एक बॅटरी, सुतळीने बांधलेला स्क्रू पिळायचा पेचकस आणि घरच्या विहिरीच्या पाण्याची बाटली. दुसऱ्या गावचं पाणी त्यांना चालत नसे, दुसऱ्या गावचा भात मात्र तीनदा चाले. मी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि आपला पाट सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढला. माझ्या वाचनाचा मला तेव्हा काही उपयोग झाला नाही.

त्याच पावसाळ्यात मामाजींचा रेडिओ बिघडला. दिवसभर तो नीट गाई आणि संध्याकाळच्या बातम्या सुरू झाल्या की घरघरू लागे. मी एका रविवारी तो उघडला, आतली धूळ झटकली आणि पुन्हा बंद केला. दोन स्क्रू उरले, ते मी खिशात घातले. घरघर होती तशीच राहिली. पुढच्या आठवड्यात साडभाऊ आले. त्यांनी रेडिओ उघडला नाही. त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि मामाजींना विचारलं, "शेवटचा चांगला कवा चालला होता?" मामाजी म्हणाले, पोळ्यापर्यंत. मग साडभाऊंनी चहा घेतला, बातम्यांची वेळ होईपर्यंत तसेच बसून राहिले, आणि घरघर सुरू होताच उठून परसात गेले. रेडिओच्या एरियलची तार ज्या बांबूला बांधली होती त्याच बांबूला पोळ्यानंतर नवी म्हैस बांधत होते. ती संध्याकाळी चरून आली की मान खाजवायला बांबूला घासे. साडभाऊ आत येऊन म्हणाले, "रेडिओले काई नाई झालं, मामाजी. म्हैस तिकडं बांधा." रात्रीच्या पंगतीला मामाजींच्या शेजारचा पाट त्यांना मिळाला. मी त्यांच्या पलीकडे बसलो. खिशातले दोन स्क्रू मांडीला टोचत होते.

"शेवटचं चांगलं कवा चाललं होतं?" हा प्रश्न साडभाऊ सगळ्याच गोष्टींना विचारत. घड्याळाला, पाण्याच्या इंजिनाला, सायकलला आणि माणसांनाही. अड्याळलाच आमच्या एका नात्यातल्या नवराबायकोने महिनाभर एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. थोरामोठ्यांची बैठक बसली, कर्तव्याबद्दल बरंच बोलून झालं, त्यात मीही थोडं बोललो. साडभाऊ कोपऱ्यातून म्हणाले, "शेवटचे चांगले कवा बोलले होते तुमी?" नवरा आठवून म्हणाला, ज्या दिवशी आम्ही पवनीच्या बाजारात गेलो त्या दिवशी, जायच्या वेळी. "अन् यायच्या वेळी?" यायच्या वेळी बायकोने घेतलेली मातीची घागर नवऱ्याच्या हातून फुटली होती आणि ती आधीच तडकलेली होती असं तो महिनाभर मनाशी म्हणत होता. साडभाऊंनी त्याला मोठ्याने म्हणायला लावलं, "माह्या हातून फुटली." बैठक पाच मिनिटांत उठली. माझं कर्तव्यावरचं बोलणं निम्मं राहिलं होतं.

त्यांची दुसरी खोड याहून अवघड होती. एखादी वस्तू दुरुस्त झाली तरी ती का दुरुस्त झाली हे उमगल्याशिवाय ते परत देत नसत. "आपल्याआप चालू झालं ते आपल्याआप बंद पडन," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे लाखांदूरची निम्मी घड्याळं उत्तम चालत होती आणि त्यांच्या दुकानात होती. त्यात एक माझं होतं. लग्नात मामाजींनी दिलेलं, चावीचं. एका दिवाळीत ते अड्याळला बंद पडलं. साडभाऊंनी ते माझ्या मनगटावरून काढलं, कानाला लावलं आणि पिशवीत टाकलं. त्यानंतर ते दर महिन्या-दोन महिन्यांनी सामान घ्यायला भंडाऱ्याला येत, माझ्याकडे जेवत, चिन्नोरचे तांदूळ आणि लाखोळीची डाळ देऊन जात. घड्याळाचं विचारलं की सांगत, "चालून राहिलं भाऊजी. पण काहून चालून राहिलं ते नाई समजलं. या ना तिकडं एकदा, दाखवतो." मी गेलो नाही. लाखांदूरला एक-दोन कार्यांना गेलो असेन, पण त्यांच्या दुकानाची पायरी चढलो नाही. एसटी स्टँडवर उतरलेला प्रत्येक माणूस आधी त्या दुकानात डोकावून पुढे जाई, असं मी पाहिलं होतं. मी नवं घड्याळ घेतलं.

ऐंशीचं दशक संपायला आलं होतं तेव्हा आमच्या संस्थेत संगणक आला. तो नागपूरहून टेम्पोतून आला आणि अध्यक्षांनी नारळ फोडून त्याचं स्वागत केलं. पडद्याला हळदकुंकू लागलं. ते पुसताना काच धूसर झाली ती कायमचीच. अध्यक्षांनी विज्ञानावर पाऊण तास भाषण केलं, तेवढा वेळ यंत्र बंद होतं. त्याच्यासाठी वेगळी खोली केली, तीत गार हवेची पेटी बसवली आणि दारावर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी लावली. आम्ही कर्मचारी वीस वर्षं एका पंख्याखाली बसत होतो. यंत्राच्या निमित्ताने प्रथमच कुणाला तरी उकडतं हे संस्थेच्या लक्षात आलं. यंत्रावर बसायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. अड्याळला मी ते अशा तऱ्हेने सांगितलं की, मामाजींनी त्या रात्री मला जुना पाट परत दिला.

कागदपत्रं लिहायचा एक प्रोग्राम त्यात होता. त्याला फक्त इंग्रजी येई, म्हणून मराठी पत्रं जुन्या यंत्रावर आणि इंग्रजी या नव्यावर, अशी वाटणी झाली. पहिलंच मोठं काम आलं ते नव्या महाविद्यालयाच्या प्रस्तावाचं. एक समिती सोमवारी येऊन तो पाहणार होती. शेवटच्या पानावर पदाधिकाऱ्यांच्या सह्या हव्या होत्या. आता आमच्या संस्थेत सह्यांची एक रीत होती, आणि तिच्यात बदल करणं घटनेत बदल करण्यापेक्षा कठीण होतं. सहीसाठी टिंबांची रेघ मारायची. अध्यक्षांची रेघ पानाच्या डाव्या कडेला अगदी चिकटून, कारण अध्यक्षांच्या आधी पानावर कुणी असता कामा नये, मोकळी जागासुद्धा नको. टाइपरायटरवर एका अक्षराच्या जागेला आम्ही घर म्हणत असू. अध्यक्षांच्या खाली उपाध्यक्ष पाच घरं आत, त्यांच्या खाली सचिव दहा घरं आत. संस्थेतला मानपान पान हातात घेताच जिन्यासारखा दिसला पाहिजे. वीस वर्षं हा जिना मी डोळे मिटून बांधत होतो.

यंत्राच्या पडद्यावरही तो नीट बांधला गेला. पण पान छापून आलं तेव्हा अध्यक्षांची रेघ नव्हती. पडद्यावर होती, कागदावर नव्हती. उपाध्यक्ष होते, सचिव होते. अध्यक्षांचं नाव होतं, पण सही करायला जागाच नाही. वरचा मजकूर सरळ त्यांच्या नावावर येऊन बसला होता. मी पुन्हा छापलं. पुन्हा तेच. दहा वेळा छापलं, दहाही वेळा नेमके अध्यक्षच गेले.

सचिवांनी पान हातात घेऊन वरून खालपर्यंत पाहिलं. मग त्यांनी दार लोटून घेतलं. "यात उपाध्यक्षांचा काही हात आहे का?"

मी म्हणालो, यंत्रात बिघाड दिसतो.

"यंत्राला अध्यक्ष कोण हे कसं कळतं?"

पट्टी घेऊन हाताने रेघ मारू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "एवढा नारळ फोडून यंत्र आणलं, आणि समितीपुढे पट्टीने रेघ मारायची? सोमवारी सकाळपर्यंत अध्यक्ष कागदावर दिसले पाहिजेत. नाही दिसले तर आपल्या लाखांदूरच्या शाळेत कारकुनाची जागा रिकामी आहे. तिथे साधा टाइपरायटर आहे, तुम्हाला सोयीचं पडेल."

लाखांदूर हे गाव काही वाईट नाही. धानाची शेतं आहेत, भंडाऱ्याची बस आहे. पण मी डोळ्यांपुढे एकच गोष्ट पाहत होतो. रोज सकाळी शाळेत जाताना साडभाऊंचं दुकान लागणार, तिथे गर्दी असणार, आणि कुणीतरी विचारणार, हे कोण? आणि कुणीतरी सांगणार, दुकानवाल्यांचे साडभाऊ. आयुष्यभर मी ज्यांना माझे साडभाऊ म्हणून सांगत आलो, त्यांचा मी साडभाऊ होणार.

नागपूरहून यंत्रवाला बोलावला. त्याने छापणीयंत्राची शाईची फीत बदलली, तार काढून पुन्हा बसवली, वीज कमी येते असं म्हणून दुपारच्या गाडीने निघून गेला. मी प्रोग्रामचं जाडजूड इंग्रजी पुस्तक घरी नेऊन दोनदा वाचलं. लेखकाची शैली रूक्ष होती, यापलीकडे माझं काही मत बनलं नाही. बायको म्हणाली, "लाखांदूरवाल्याईले इचारून पाहा ना."

"ते रेडिओवाले आहेत," मी म्हणालो. "हा संगणक आहे."

"मंग? बिघाड तं बिघाडच असते ना."

तिनेच शुक्रवारी लाखांदूरच्या बसच्या कंडक्टरजवळ निरोप दिला असावा, कारण शनिवारी सकाळी साडभाऊ पिशवी आणि तांदूळ घेऊन दारात उभे होते. शनिवारी अर्ध्या दिवसाने कार्यालय सुटलं तेव्हा मी त्यांना मागच्या दाराने यंत्राच्या खोलीत नेलं. त्यांनी पाटी वाचून चपला काढल्या आणि त्या हातात घेऊन आत आले. गार हवा लागताच दुपट्टा कानाला गुंडाळला. खुर्ची पुढे केली तर म्हणाले, "राहू द्या, खालून चांगलं दिसते," आणि जमिनीवर बसले.

"शेवटचं चांगलं कवा चाललं होतं, भाऊजी?"

"कधीच नाही. पहिल्यापासून असंच आहे."

"नाई, रेघ. ही रेघ शेवटची चांगली कवा उमटली?"

"जुन्या टाइपरायटरवर. वीस वर्षं उमटत होती."

"मंग तसंच करा, जसं तिथं करता. मी पाहतो."

मी जिना बांधला, छापला. अध्यक्ष गेले. साडभाऊंनी पान घेतलं, बॅटरी लावून पाहिलं, जुन्या यंत्रावरचं एक पान मागवून दोन्ही शेजारी ठेवली. माझ्या मनात त्या वेळी काय होतं ते प्रामाणिकपणे सांगायचं तर, बिघाड सापडावा असं मला वाटत होतं आणि तो यांना सापडू नये असंही वाटत होतं. दोन्हींत कोणती इच्छा मोठी होती हे मी आजही नक्की सांगू शकत नाही.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "हा यकटाच काहून जाते?"

"तेच तर कळत नाही."

"बाकीचे दोघं कायले राहतात मंग? टिंबं तं सारखेच हायेत." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "त्याईच्या अगोदर जागा हाय. याच्या अगोदर नाई. याले जरासा सरकवून पाहा ना."

"अध्यक्षांना?"

"अध्यक्षाले नाई, रेघेले. एक घर."

मी त्यांना आमची रीत समजावून सांगितली. अध्यक्षांच्या आधी मोकळी जागाही चालत नाही, हे ऐकून त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "मोकळ्या घरात कोण बसलं हाय, भाऊजी? कोणाले दिसन?"

मी रेघेच्या आधी एक मोकळं घर टाकलं. छापणीयंत्र करकरलं. कागद वर आला आणि त्यावर अध्यक्षांची रेघ होती, टिंबनटिंब, काळीभोर.

पुढे ते पुस्तक मी तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा खुलासा सापडला. ओळीच्या पहिल्याच घरात टिंब आलं तर ती ओळ छापण्यासाठी नसून आपल्यासाठी काही हुकूम आहे, असं तो प्रोग्राम समजे आणि ती कागदावर उतरवत नसे. यंत्रात बिघाड नव्हताच. आमच्या मानपानामुळे अध्यक्ष पहिल्या घरात बसत होते, एवढंच. त्या वेळी हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून साडभाऊ खूश नव्हतेच. "चाललं, पण काहून ते नाई समजलं," असं म्हणत ते यंत्राकडे अशा नजरेने पाहू लागले की, हेही पिशवीत घालून लाखांदूरला नेतात की काय अशी मला भीती वाटली.

तेवढ्यात सचिव आले. त्यांनी पान उजेडात धरलं. अध्यक्ष दिसत होते. "कुणी शोधलं?" त्यांनी विचारलं, आणि जमिनीवर बसलेल्या, कान बांधलेल्या, चपला मांडीशी ठेवलेल्या माणसाकडे पाहिलं.

"भाऊजींनंच शोधलं," साडभाऊ म्हणाले. "मी निस्ता बसून होतो."

हे खोटं आहे असं सांगायला मला पुरेसा वेळ मिळाला होता. सचिव निदान अर्धा मिनिट माझी पाठ थोपटत होते. मी ती थोपटून घेतली.

सोमवारी समिती आली, अध्यक्षांनी सही केली. ती नेहमीप्रमाणे रेघेच्या दोन्ही बाजूंनी बाहेर गेली, त्यामुळे घराचा प्रश्न उद्भवला नाही. आपलं आणि अध्यक्षांचं अंतर पाच घरांवरून चारवर आलं हे फक्त उपाध्यक्षांच्या लक्षात आलं असावं. ते आठवडाभर प्रसन्न होते.

पण मला आठवते ती शनिवारची दुपार. मी साडभाऊंना बसवर सोडायला गेलो होतो. खांबाला टेकून आम्ही दोघं उभे होतो. मी अजून धुमसत होतो. माणसाने आपल्याहून हुशार असावं, हे एक वेळ सोसता येतं. वर त्याने श्रेयही आपल्याला देऊन टाकावं, ही जबरदस्ती होती. उदारपणातसुद्धा त्यांनी मला मागे टाकलं होतं.

ते बसकडे पाहत म्हणाले, "मी तं खोली पाहून ठेवली होती."

"कसली खोली?"

"तुमच्यासाठी. बायकोनं सांगतलं का तुमची बदली होऊन राहिली म्हणून. आमच्या दुकानाच्या मांगंच हाय, हवा चांगली येते. म्हटलं, भाऊजी आले तं संध्याकाळी बसायले होईन. तुमी ते पुस्तकातलं सांगता ना, ते मले आवडते. लाखांदूरले कोणी सांगत नाई." मग म्हणाले, "मालकाले आता नाई म्हणून सांगा लागन."

"मग कशाला दुरुस्त केलंत?" मी विचारलं.

"आता दिसला बिघाड, तं काय करता?" ते म्हणाले आणि बसमध्ये चढले. खिडकीतून ओरडले, "या तिकडं. घड्याळ घेऊन जा."

मी नंतरही गेलो नाही. आधी चिडून गेलो नाही, मग लाजेने गेलो नाही. पुढे कामं असत. पुस्तकातला तो टिंबांचा खुलासा त्यांना सांगायचा, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. ते भंडाऱ्याला आले की, ऐन वेळी तो विषय काढणं माझ्याच्याने झालं नाही. सांगितलं असतं तर त्यांचा एक बिघाड मिटला असता. काही वर्षांनी एका हिवाळ्यात साडभाऊ गेले. दुपारी दुकानात एका घड्याळासमोर बसले होते, तसेच. तेराव्याला मी लाखांदूरला गेलो आणि प्रथमच दुकानाची पायरी चढलो. भिंतभर घड्याळं होती, बहुतेक मुकी. त्यांना चावी देणारा राहिला नव्हता. मेहुणीने खण उघडून एक काड्यापेटी माझ्या हातात ठेवली. आत माझं घड्याळ होतं आणि सुतळीला बांधलेली चिठ्ठी. अक्षर नववीचं होतं. 'भाऊजी, भंडारा. चालू हाय. काहून ते समजलं. इकडं आले का सांगतो.'

मी ते घेऊन आलो. रोज सकाळी चावी देतो. ते दिवसाला अकरा मिनिटं मागे पडतं.